पडद्याबाहेरची रेड विंग

लॉस एंजेलिसला गेलेला माणूस हॉलिवूड बुलेव्हार्डच्या पदपथावरचे तारे बघतो, डोंगरावरच्या पांढऱ्या अक्षरांसोबत फोटो काढून घेतो आणि समाधानाने परततो. तिथून पायी जाण्याइतक्या अंतरावर, हायलँड अव्हेन्यूवर, ‘हॉलिवूड बोल’ या खुल्या रंगमंचाच्या समोर एक जुनी लाकडी इमारत आहे. तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. शेजारून गाड्यांचा लोंढा चोवीस तास वाहत असतो. या इमारतीत सध्या हॉलिवूड हेरिटेज म्युझियम आहे, पण ती मूळची घोड्यांचा तबेला. १९१३ च्या डिसेंबरात, तोवर फक्त नाटकांत वावरलेल्या सेसिल बी. डीमिल नावाच्या तरुणाने या तबेल्यात बस्तान मांडलं. इथून निघालेला ‘द स्क्वॉ मॅन’ हा हॉलिवूडमध्ये तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो.

मी तिथे गेले ती त्या चित्रपटाच्या नायिकेसाठी. पडद्यावर तिचं नाव रेड विंग. घरचं नाव लिलियन सेंट सिर. जन्म १८८४ चा, नेब्रास्का राज्यातल्या विनेबेगो रिझर्व्हेशनवर. म्हणजे सरकारने मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर. जमात हो-चंक; बाहेरचे लोक तिला विनेबेगो म्हणतात. पाश्चात्त्य मूकपटांच्या नायिका म्हटलं की मेरी पिकफर्ड, लिलियन गिश ही नावं आपल्या ओठांवर येतात. त्यांच्याच काळात, त्यांच्याच बरोबरीने मोठ्या भूमिका करणारी एक मूलनिवासी बाई होती आणि हॉलिवूडच्या पायाभरणीच्या चित्रपटात तीच नायिका होती, हे कळल्यापासून मला स्वस्थ बसवेना. तिच्या खाणाखुणा जिथे जिथे उरल्या आहेत, तिथे जायचं मी ठरवलं.

तबेल्यात शिरलं की आधी जाणवतो तो लाकडाचा आणि जुन्या कागदांचा वास. वर तुळया, खाली हाताने फिरवायचे कॅमेरे, नटनट्यांचे कपडे, भिंतीभर छायाचित्रं. एका बाजूला डीमिलची कचेरी होती तशी मांडून ठेवली आहे. मूळ इमारत इथली नव्हे. ती सेल्मा आणि व्हाइन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, जेकब स्टर्न या गृहस्थांच्या फळबागेत होती. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या भागीदारांना डीमिलने तार केली, की हॉलिवूड नावाच्या ठिकाणी महिना ७५ डॉलर भाड्याने एक तबेला मिळतोय, घेऊ का? भागीदार म्हणजे जेसी लॅस्की आणि पुढे सॅम्युअल गोल्डविन या नावाने गाजलेले सॅम्युअल गोल्डफिश. अर्ध्या भागात स्टर्नसाहेबांचे घोडे आणि बग्गी, अर्ध्या भागात चित्रपट कंपनी. बग्गी धुतली की पाणी वाहत टेबलाखाली यायचं, असं डीमिल पुढे सांगत असे.

या तबेल्याने पुढे बराच प्रवास केला. १९२६ मध्ये तो उचलून पॅरामाउंट स्टुडिओच्या आवारात नेला. तिथे तो व्यायामशाळा झाला, काउबॉयपटांत देखावा म्हणून उभा राहिला. १९५६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने त्याला ऐतिहासिक वास्तू ठरवलं आणि १९८३ मध्ये तो आजच्या जागी आला. एवढ्या मायेने जपलेल्या या इमारतीत मी रेड विंगला शोधत होते. एका छायाचित्रासमोर थांबले. लांब वेण्या, अंगावर कातडी झगा, आणि शेजारी नायक डस्टिन फार्नम कॅमेऱ्याकडे बघत उभा. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. तिची नजर त्याच्यावर आहे. म्युझियममधल्या स्वयंसेवक बाईंना मी तिच्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “लोक डीमिलबद्दल विचारतात,” त्या म्हणाल्या, “हिच्याबद्दल क्वचित कुणी.”

‘द स्क्वॉ मॅन’ची कथा एडविन मिल्टन रॉयल यांच्या १९०५ च्या नाटकावरून घेतलेली. शीर्षकातला शब्द मूलनिवासी स्त्रियांसाठी शिवीसारखा वापरला जायचा. २०२२ मध्ये अमेरिकन सरकारने तो साडेसहाशेच्या आसपास डोंगर-नद्यांच्या अधिकृत नावांतून काढून टाकला. कथा अशी: जेम्स विनिगेट नावाचा इंग्रज अधिकारी घराण्याची अब्रू राखण्यासाठी चुलतभावाने केलेल्या अपहाराचा आळ स्वतःवर घेतो आणि अमेरिकेत वायोमिंगला येऊन गुरं राखतो. एक गुंड त्याच्या जिवावर उठतो. मूलनिवासी सरदाराची मुलगी नॅट-यू-रिच त्या गुंडाला गोळी घालून जेम्सला वाचवते. पुढे बर्फात कोसळलेल्या जेम्सलाही तीच शोधून परत आणते. त्यांचं लग्न होतं, मुलगा होतो. मग इंग्लंडहून माणसं येतात. सरदारकीचा वारस म्हणून मुलाला तिकडे पाठवायचं ठरतं. इकडे जुन्या खुनाचा पुरावा सापडून शेरीफ नॅट-यू-रिचच्या मागावर येतो. ती स्वतःला संपवते, आणि सगळ्यांच्या वाटा मोकळ्या होतात.

हा चित्रपट आज बघायला मिळतो. मी तो पुन्हा पुन्हा बघितला आहे. त्या काळचा अभिनय रंगमंचावरून आलेला. फार्नम हात उंचावतो, छाती पुढे काढतो, मान झटकतो. रेड विंग जवळजवळ हलतच नाही. गुंडाला गोळी घालते तो प्रसंग बघा. खून करणारी बाई म्हणून तिने डोळे वटारलेले नाहीत, ओठ आवळलेले नाहीत. काम उरकलं, आता लपायला हवं, एवढंच तिच्या खांद्यांत दिसतं. आणि मुलाला न्यायला माणसं येतात, तेव्हा आजूबाजूचे सगळे बोलत असतात, हातवारे करत असतात. ती ऐकत असते. मूकपटात ऐकणं दाखवणं सगळ्यात अवघड. तिला ते साधलं होतं. कॅमेरा लहानशी हालचालही टिपतो, हे तिला डीमिलच्या आधी कळलं असणार. कारण डीमिलचा तो पहिलाच चित्रपट होता, आणि ती तोवर चार-पाच वर्षं पडद्यावर मुरलेली होती.

ती मुरली कुठे, हे बघायला मी शहराच्या पूर्वेकडे गेले. एको पार्कच्या तळ्यावरून ग्लेनडेल बुलेव्हार्ड उत्तरेकडे चढतो. आज तिथे गॅरेजं, खाणावळी, घरांच्या रांगा. या भागाला तेव्हा एडनडेल म्हणत आणि रस्त्याचं नाव होतं अलेसँड्रो स्ट्रीट. हॉलिवूड अजून लिंबा-संत्र्यांच्या बागांत झोपलेलं असताना लॉस एंजेलिसचा चित्रपट धंदा इथे चालायचा. मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीची एक जुनी इमारत रस्त्याच्या कडेला अजून उभी आहे. तिथे लोक आता घरातलं जादा सामान भाड्याने ठेवतात. चार्ली चॅप्लिनने पडद्यावर पहिलं पाऊल टाकलं ते कीस्टोनमध्येच. पण कीस्टोनच्या आधी, १९०९ च्या अखेरीस, याच आळीत ‘बायसन’ चित्रांची कंपनी येऊन राहिली होती. तिच्यासोबत आली होती रेड विंग आणि तिचा नवरा जेम्स यंग डिअर.

फ्रेड बाल्शोफर हा बायसनचा म्होरक्या. त्याने न्यूयॉर्क सोडलं, त्याला दोन कारणं. एक, कॅलिफोर्नियाचं ऊन. तेव्हा चित्रण उघड्या आभाळाखाली चालायचं. दुसरं कारण जास्त निकडीचं. एडिसन आणि इतर मोठ्या कंपन्यांनी १९०८ मध्ये एकत्र येऊन कॅमेऱ्याची पेटंटं एका मुठीत घेतली होती. परवान्याविना चित्रण करणाऱ्यांच्या मागे त्यांचे गुप्तहेर लागायचे. म्हणून देशाच्या दुसऱ्या टोकाला पळ. अशा या धावपळीत आठवड्याला नवा चित्रपट निघायचा. एक रीळ, साधारण हजार फूट, दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. सकाळी घोडे, तंबू, बंदुका घेऊन जवळच्या टेकड्यांवर जायचं आणि ऊन असेतो चित्रण करायचं. रस्त्यावरून मान वर केली की त्या टेकड्या आजही दिसतात. माथ्यावर तीच सुकलेली, सोनेरी झाक असलेली गवतं. त्या उतारांवरून घोडा पिटाळणारी पंचविशीतली लिलियन डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत.

त्याआधी पूर्वेकडे तिने ल्युबिन, व्हायटाग्राफ अशा कंपन्यांत कामं केली होती. डी. डब्ल्यू. ग्रिफिथने १९०९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कडबॅकव्हिल गावी ‘द मेंडेड ल्यूट’ हा मूलनिवासींच्या जीवनावरचा चित्रपट काढला, त्यात ही जोडी होती. मुख्य भूमिका मात्र गोऱ्या फ्लोरेन्स लॉरेन्सकडे. बायसन सोडून दोघं फ्रान्सच्या पाथे कंपनीत गेली. पाथेचे काउबॉयपट नकली वाटतात अशी अमेरिकेत ओरड होती. तिच्यावर उपाय म्हणून पाथेने यंग डिअरला दिग्दर्शक नेमलं आणि लवकरच पश्चिम किनाऱ्याचा सगळा कारभार त्याच्या हाती दिला. त्याचा ‘व्हाइट फॉन्स डिव्होशन’ हा १९१० चा चित्रपट २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. त्याच्या चित्रपटांतले मूलनिवासी नेहमीच हरत नसत. कधी कधी गोऱ्या खलनायकाला हरवून ते ताठ मानेने उभे राहत.

हे सांगायला हवं, कारण बाकीचे बहुतेक चित्रपट तसे नव्हते. त्यांत मूलनिवासी एकतर क्रूर, नाहीतर उदात्त आणि मरणारे. मूलनिवासी स्त्रीची भूमिका तर जवळजवळ ठरूनच गेली होती: ती गोऱ्या माणसावर जीव टाकते, त्याला वाचवते, आणि शेवटच्या फुटांत प्राण सोडते. १९११ मध्ये मूलनिवासींची शिष्टमंडळं वॉशिंग्टनला जाऊन या चित्रणाबद्दल तक्रार करत होती. रेड विंगच्या वाट्याला या साच्यातल्या भूमिका कितीतरी आल्या आणि ‘द स्क्वॉ मॅन’मधली त्यांतली सगळ्यात मोठी. पंधरा हजार डॉलरच्या आसपास खर्चून काढलेल्या या चित्रपटाने दोन लाखांहून जास्त कमावले. लॅस्कीची कंपनी उभी राहिली, पुढे तिच्यातून पॅरामाउंट झालं. डीमिलने हीच कथा १९१८ आणि १९३१ मध्ये पुन्हा चित्रित केली. १९१८ मध्ये नॅट-यू-रिच झाली अ‍ॅन लिटल, १९३१ मध्ये मेक्सिकोची लूपे व्हेलेझ. भूमिका मूलनिवासी स्त्रीची राहिली, तिथे मूलनिवासी स्त्री उरली नाही.

रेड विंगने १९१४ मध्येच टॉम मिक्सबरोबर ‘इन द डेज ऑफ द थंडरिंग हर्ड’ केला. पण १९१५ नंतर कामं आटत गेली. नवऱ्यापासून ती वेगळी झाली होती. छोट्या भूमिका, प्रयोगांचे दौरे असं करत ती हळूहळू पडद्यावरून उतरली.

पुढे पेनसिल्व्हेनियात जाणं झालं, तेव्हा मी कार्लाइल गाव गाठलं. लिलियनला समजून घ्यायचं तर तिच्या शाळेला टाळून चालत नाही. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने इथल्या छावणीत मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलांना घरापासून शेकडो, हजारो मैल दूर आणायचं, केस कापायचे, गणवेश चढवायचा, मातृभाषा बंद करायची, ख्रिस्ती नाव द्यायचं. मुलाच्या अंगातला मूलनिवासी मारला की आत चांगला माणूस उरेल, असं प्रॅट जाहीर भाषणात सांगत असे. शाळा १९१८ मध्ये बंद पडली. तोवर हजारो मुलं तिथून गेली होती. आज तिथे अमेरिकन लष्कराचं युद्धविषयक महाविद्यालय आहे, आणि २०२४ च्या डिसेंबरात शाळेचा परिसर राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला.

गावातल्या इतिहास मंडळाच्या संग्रहालयात शाळेची छायाचित्रं आहेत. जॉन चोट नावाचा स्थानिक छायाचित्रकार मुलं आल्या दिवशी एक आणि काही महिन्यांनी दुसरं चित्र काढायचा. पहिल्यात घोंगडी पांघरलेली, केस मोकळे सोडलेली पोरं. दुसऱ्यात कॉलर, भांग, गुडघ्यावर हात. प्रॅट ही जोडचित्रं देणगीदारांना दाखवायचा. मी त्यांतल्या मुलींच्या चेहऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. हा कॅमेराच लिलियनच्या पिढीला भेटलेला पहिला कॅमेरा. एका कॅमेऱ्याने त्यांचा मूलनिवासी पोशाख उतरवला आणि काही वर्षांनी दुसऱ्या कॅमेऱ्याने पगार देऊन तो पुन्हा चढवायला लावला. १९०२ मध्ये कार्लाइलमधून पदवी घेतलेली, इंग्रजी उत्तम येणारी, वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरच्या घरी काम केलेली ही मुलगी पडद्यावर मोडक्या इंग्रजीतली सरदारकन्या झाली. जाहिरातीत तिच्या नावाआधी ‘प्रिन्सेस’ लावलं जायचं, पण राजकन्या वगैरे ती नव्हती. आईच्या बाजूने मात्र तिचं नातं डेकोरा या हो-चंकांच्या जुन्या, मानाच्या घराण्याशी होतं. एंजेल डेकोरा ही नावाजलेली चित्रकार याच घराण्यातली. तिने पुढे कार्लाइलमध्ये मूलनिवासी कला शिकवली.

छावणीच्या कडेला शाळेतल्या मुलांची दफनभूमी आहे. पांढरे, एकसारखे, लष्करी शिस्तीतले दगड, दीडशेहून जास्त. काहींवर नावाच्या जागी ‘अज्ञात’. त्यांत विनेबेगोच्या दोन मुलांची नावं मी शोधली: सॅम्युअल गिल्बर्ट, मृत्यू १८९५, एडवर्ड हेन्सली, मृत्यू १८९९. लिलियनच्याच गावचे, तिच्याच काळात इथे आणलेले. ही मुलं घरी द्या, म्हणून विनेबेगो जमातीने जानेवारी २०२४ मध्ये लष्करावर दावा लावला. दगडापुढे कुणीतरी तंबाखूची पुरचुंडी ठेवली होती. तंबाखू ही त्यांच्याकडे प्रार्थनेची वस्तू. लिलियन या आवारातून जिवंत बाहेर पडली, शिकून पडली, आणि आपण कोण हे न विसरता पडली. तिच्या सगळ्या चित्रपटांहून मला हे मोठं वाटतं.

चित्रपट सुटल्यावर ती न्यूयॉर्कला गेली आणि उरलेलं बरंचसं आयुष्य तिथेच राहिली. कामासाठी शहरात आलेल्या निरनिराळ्या जमातींच्या मूलनिवासींचा गोतावळा तिथे जमत होता. त्यात ती वडीलधारी झाली. शाळांत जाऊन आपल्या लोकांबद्दल बोलायची. नृत्याचे पोशाख, मणीकाम, पिसांची शिरोभूषणं करून द्यायची, फाटलेली दुरुस्त करायची. ज्या पोशाखाने तिला पडद्यावर नेलं, त्याचं खरं शास्त्र तिच्या बोटांत होतं आणि शेवटपर्यंत तिने त्यावरच पोट भरलं. १३ मार्च १९७४ रोजी ती गेली. वय नव्वद.

तिला नेब्रास्कात, तिच्या गावी पुरलं आहे. विनेबेगोला मी मुद्दाम जुलैच्या अखेरीस गेले. ओमाहा शहरातून उत्तरेकडे जाणारा हमरस्ता धरायचा, शंभर-सव्वाशे किलोमीटर. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. पूर्वेला मिझुरी नदी जवळच आहे, पण दिसत नाही. झाडांच्या गर्द ओळीवरून तिचा अंदाज घ्यायचा. वाटेत ओमाहा जमातीचं रिझर्व्हेशन लागतं, आणि तिथून पुढे हो-चंकांची हद्द.

ही जमीन त्यांची मूळची नाही. हो-चंक विस्कॉन्सिनचे, जंगल-तळ्यांच्या मुलखातले. १८३७ च्या तहात तो मुलूख गेला. मग आयोवा, मग १८४८ मध्ये मिनेसोटातलं लाँग प्रेअरी, मग ब्लू अर्थ. तिथली काळीभोर शेती बहरात आल्यावर १८६३ मध्ये त्यांना उचलून डकोटाच्या क्रो क्रीक या वैराण जागी टाकलं. भुकेने माणसं मरू लागली. तेव्हा त्यांनी झाडांची खोडं कोरून होड्या केल्या आणि मिझुरीच्या प्रवाहाबरोबर खाली ओमाहांच्या आश्रयाला आले. ओमाहांनी आपल्यातली जमीन दिली, १८६५ च्या तहाने ती विनेबेगो रिझर्व्हेशन झाली. लिलियन जन्मली ती यानंतर जेमतेम एकोणीस वर्षांनी. तिच्या घरात या सगळ्या स्थलांतरांच्या आठवणी ताज्या असणार. आईबापांची पिढी इतक्यांदा मुळासकट उपटली गेली होती, की टिकून राहणं हेच त्या घराचं शिक्षण असावं.

जुलैच्या अखेरीस इथे होमकमिंग पाववाव भरतो. नृत्य, ढोल, नातलगांची भेट. आपल्याकडे जत्रेला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, तसे देशभरचे विनेबेगो या दिवसांत घरी येतात. १८६६ पासूनची ही परंपरा. लिटल प्रीस्ट हा त्यांचा पुढारी आणि त्याच्यासोबत अमेरिकन लष्करात लढून परतलेले जवान यांच्या सन्मानासाठी ती सुरू झाली. सकाळी मैदानाभोवतीच्या खांबांवर निशाणं चढतात. प्रत्येक निशाण एखाद्या दिवंगत सैनिकाच्या शवपेटीवर पांघरलेलं. घरच्यांनी वर्षभर जपून आणलेलं. नाव पुकारलं जातं, कुटुंब पुढे येतं, दोरी ओढली जाते. घाई नसते. उन्हात उभ्या म्हाताऱ्या बायांनी पदराने डोळे टिपावेत तसे शालीच्या टोकाने टिपलेले मी पाहिले.

मग ढोल सुरू होतो. आठ-दहा पुरुष एका मोठ्या ढोलाभोवती बसून एकदम ठोका देतात. तो आधी छातीत लागतो, मग कानात. नाचणारे रिंगणात उतरतात. शालीची झालर प्रत्येक पावलाला झुलायला हवी, पण कमरेवरचं अंग डुलायला नको, अशी बायकांच्या एका नृत्याची रीत. त्या संथ पावलांकडे बघताना ‘द स्क्वॉ मॅन’मधली रेड विंगची स्थिरता मला आठवली. तो अभिनय तिने कुठल्या नाट्यशाळेत शिकला नव्हता. अंग राखून उभं राहण्याची ही चाल तिने लहानपणापासून पाहिली असणार.

मंडपाच्या सावलीत एक सत्तरीच्या आजी रिबनकाम करत बसल्या होत्या. त्यांची परवानगी घेऊन मी शेजारी बसले. वेगवेगळ्या रंगांच्या रेशमी फिती एकावर एक ठेवायच्या, वरची फीत नक्षीच्या रेघेवर कात्रीने कापायची, कड नखाने आत दुमडायची आणि खालच्या रंगावर बारीक टाक्यांनी शिवून टाकायची. वरच्या रंगात उमललेलं पान खालच्या रंगात उलटं दिसतं. टाका बाहेरून दिसता कामा नये. एका वितीला त्यांचा पाऊण तास गेला. “आमच्या आज्या असंच शिवायच्या,” त्या म्हणाल्या. “व्यापाऱ्यांनी रेशमी फिती आणल्या, त्याआधी मण्यांच्या ठिकाणी साळिंदराचे काटे असायचे. सामान बदललं, हात तेच.” मी रेड विंगचं नाव काढलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “हो, सेंट सिरांची. न्यूयॉर्कला असायची. शिवण चांगली होती म्हणतात.”

चित्रपटाचा त्यांनी उल्लेखच केला नाही. मला त्यात तिचा मोठा सन्मान वाटला. गावाने तिला आपल्यातली, हाताला कसब असलेली बाई म्हणून ओळखलं होतं. हॉलिवूडने दिलेली ओळख त्यांना लागतच नव्हती.

लिलियनला जिथे पुरलं, ती सेंट ऑगस्टीन मिशनची दफनभूमी गावाला लागूनच आहे. कॅथरीन ड्रेक्सेल या धनाढ्य घरातल्या जोगिणीने १९०९ मध्ये हे मिशन काढलं. त्याच वर्षी लिलियन कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली होती. तिथून परत येताना मी गाव नीट बघितलं. जमातीचं स्वतःचं लिटल प्रीस्ट महाविद्यालय १९९६ पासून चालू आहे. तिथे हो-चंक भाषा शिकवतात. हीच भाषा कार्लाइलमध्ये बंद होती. एंजेल डेकोराच्या नावाचं संग्रहालय आहे. ‘हो-चंक इन्कॉर्पोरेटेड’ ही जमातीच्या मालकीची कंपनी १९९४ मध्ये निघाली आणि तिच्या उत्पन्नातून इथे घरं बांधली गेली, रस्ते झाले. एका बागेत हो-चंकांच्या बारा कुळांचे पुतळे रांगेने उभे आहेत. अडचणी नाहीत असं नाही. गरिबी आहे, मधुमेह घरोघरी आहे. पण माणसं आहेत, कामात आहेत, पोरं शाळेत आहेत.

पडद्यावर रेड विंगला ज्या गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा मरायला लावलं, ती गोष्ट अशी होती, की मूलनिवासींचा काळ संपला; त्यांनी उदात्तपणे बाजूला व्हावं. १९१४ च्या प्रेक्षकाला ते ऐकायला बरं वाटायचं. मरणाऱ्या नायिकेसाठी दोन अश्रू ढाळले, की बळकावलेल्या जमिनीचा हिशोब द्यावा लागत नसे. ती गोष्ट खोटी होती. याचा पुरावा त्याच पडद्यावर, त्याच बाईच्या रूपाने उभा होता. कार्लाइलमधून वाचलेली, डीमिलच्या आधीपासून कॅमेरा ओळखणारी, चित्रपटांनी सोडलं तेव्हा सुई हातात घेणारी, नव्वद वर्षं जगून आपल्या गावच्या मातीत परतलेली. तिने कुठली चळवळ उभारली नाही, आत्मचरित्र लिहिलं नाही. तिला दिलेली भूमिका तिने चोख केली आणि आयुष्य मात्र त्या भूमिकेच्या अगदी उलट जगून दाखवलं.

म्हणून माझी एक विनंती आहे. ‘द स्क्वॉ मॅन’ आता कुणाच्या मालकीचा नाही. इंटरनेटवर तो सहज सापडतो, तासा-सव्वा तासात बघून होतो. जरूर बघा. इंग्रज सरदाराची कथा चालू द्या आणि डोळे तिच्यावर ठेवा. बाकीचे हातवारे करत असतील, तेव्हा ती काय करते ते बघा. तिचं नाव श्रेयनामावलीत ज्या ओळीत असेल ती ओळ वाचा आणि मनात तिथे तिचं घरचं नाव लिहा: लिलियन सेंट सिर, विनेबेगो, नेब्रास्का. चित्रपटांच्या इतिहासाचं पहिलं पान उघडलं की डीमिलच्या शेजारी हे नाव आपल्याला आपोआप आठवायला हवं. ते तिच्या हक्काचं आहे.